लाभाची भाकरी

केम, ९ जून २०२४

चि. रुपालीस विजयमाला आत्याचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. माझे कान मात्र गेले. करमाळ्याच्या डॉक्टरांनी यंत्र दिलंय, पण ते लावलं की माणसाचं बोलणं राहतं बाजूला आणि पंख्याचीच घरघर तेवढी मोठ्यानं ऐकू येते. परवा तू फोनवर बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. मी आपली 'बरं बरं' म्हणत होते. कशाला होकार देऊन बसले असेन तर तो धरू नकोस.

दुसरं कारण पोस्टाच्या पेटीचं. मी रिटायर झाल्यापासून आपलं टपाल येडू बघतो. तो म्हणाला, पेटीत पत्रच पडत नाही, साहेब ती काढून न्यायची म्हणतात. सगळा जन्म मी त्या पेटीचं कुलूप उघडलंय, माझ्या डोळ्यांदेखत ती कुणाला उपटू देणार नाही. म्हणून तुला हुकूम आहे: मी लिहीन, तू उत्तर द्यायचं, म्हणजे मला पुन्हा लिहायला कारण मिळेल.

तुझे अण्णा मेंढरं घेऊन सांगोल्याकडे परत जाताना इथं मुक्कामाला होते. भीमा माझा धाकटा भाऊ असला तरी आवाजानं थोरला. मेंढरांमागं ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की मला यंत्राशिवाय ऐकू येतो. अख्ख्या केमला सांगून गेला, माझी रुपी पुढच्या साली पदवी घेणार, आमच्या घरात पहिली. तर दुसऱ्या वर्षाचा निकाल काय लागला ते कळव.

तुझी,
आत्या


सोलापूर, २१ जून २०२४

प्रिय आत्या,

तू फोनवर 'बरं बरं' म्हणालीस तेव्हा मला इतकं भरून आलं होतं. वाटलं, आपली आत्या किती समजूतदार. मी तुला सांगत होते की मी कॉलेज सोडलंय.

आता लिहूनच सांगते. सोडून वर्ष होत आलं. नापास होऊन पळाले नाही, पहिलं वर्ष चांगलं पास झाले. पण तेव्हाच चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम धरलं होतं. कॉम्प्युटरवर रोज त्याच त्या नोंदी करायच्या. एकदा वाटलं, हे सगळं मी का करतेय, यंत्रालाच सांगता येत नाही का. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला शिकले. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं पुन्हा पुन्हा बघून कळायचं. पहिला प्रोग्राम चालला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच हसत बसले होते. शिपाईमामा येऊन बरं वाटतंय ना विचारून गेले. त्यानंतर वर्गात मन लागेना, हजेरी बुडत गेली आणि एक दिवस जायचीच थांबले. आता एक जुना लॅपटॉप घेतलाय. त्याची एक कळ निघालीय, तिथं काडेपेटीची काडी खुपसून काम चालवते.

होटगी रोडवर एक कंपनी आहे. ते डिग्री नसली तरी घेतात, पण आपण स्वतः केलेलं आणि कुणीतरी खरोखर वापरत असलेलं काहीतरी दाखवावं लागतं. मुलाखती दिवाळीनंतर आहेत. तोवर अण्णांना सांगू नकोस. नोकरी हातात घेऊनच मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय. पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशी गेले तर मला त्यांच्याकडे वर बघवणार नाही. बाकी कुणाची मला भीती नाही, त्यांच्या गप्प बसण्याची वाटते.

तुझी,
रुपाली


केम, ३ जुलै २०२४

चि. रुपालीस,

तुझं पत्र वाचून मी आधी पाणी प्यायले आणि मग तुला मनसोक्त बोलून घेतलं. येडू समोर उभा होता, त्याला वाटलं त्यालाच बोलतेय. बिचारा सायकल घेऊन पळाला.

एक वर्ष तू हे पोटात ठेवलंस याचा मला जास्त राग आला. बरं, ते राहू दे. तू म्हणतेस तसं करते. मला खोटं बोलता येत नाही, पण बहिरं होता येतं. भीमानं कॉलेजचा विषय काढला की मी यंत्र काढून ठेवीन.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकलीस हे मात्र झकास केलंस. आमच्या पोस्टातलं अंगठा लावायचं यंत्र महिनाभर बंद आहे. शेजारच्या इंद्रजीतच्या मोटारीचा स्टार्टरही चालत नाही. त्याला म्हटलं, माझी भाची आता यातलीच झालीय, तिच्याकडे नेऊन दे.

तुझी,
आत्या


सोलापूर, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

इंद्रजीतकाका खरोखरच स्टार्टर पिशवीत घालून रेल्वेनं आले. मी कपाळाला हात लावला आणि त्यांना स्टेशनजवळच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेले. आत्या, मी यंत्र दुरुस्त करत नाही. यंत्रानं काय काम करायचं ते त्याला लिहून देते. तू येडूला कसं समजावून सांगतेस, आधी या वाडीत जा, मग त्या वस्तीवर, दार बंद असलं तर शेजारी विचार, तसं. फरक एवढाच की येडूला थोडी अक्कल आहे, यंत्राला अजिबात नाही. जे सांगाल तेवढंच करणार.

आता खरी बातमी. मला गिऱ्हाईक मिळालं. बाळीवेशीत दानम्मा म्हणून आहेत, त्यांच्याकडे बायका ज्वारीच्या कडक भाकरी करतात. पुडकी पार पुण्या-मुंबईला जातात. मीही डब्याला तिथूनच नेते. त्यांचे चिरंजीव चन्नप्पा ऑर्डरी घेतात, आणि सगळ्या त्यांच्या मोबाईलवर आणि डोक्यात. एकाची पुडकी दुसऱ्याला जायची. मी म्हटलं, मी करून देते. दानम्मांना बसून सगळं विचारलं. पीठ किती लागतं, भाकरी किती होतात, पुडक्यात किती बसतात. त्या म्हणाल्या पंचवीस. त्याप्रमाणे प्रोग्राम लिहिला. संध्याकाळी तो सांगतो, भाकरी किती झाल्या, किती गेल्या, किती राहिल्या.

चन्नप्पा पहिल्या दिवशी पडद्याला हात जोडून उभे राहिले. म्हणाले, तुझ्या त्या कंपनीचा मला फोन येऊ दे, मी सांगतो काय काम आहे ते. आत्या, मी केलेली गोष्ट कुणीतरी रोज वापरतंय. मला रस्त्यानं चालताना मध्येच हसू येतं.

सोबत एक पुडकं पाठवतेय.

तुझी,
रुपाली


केम, ३० ऑगस्ट २०२४

चि. रुपालीस,

पुडकं पोचलं. टपालखात्यानं भाकरीचा चुरा करून आणला. तो दह्यात कालवून चटणीबरोबर खाल्ला, लई झकास लागला. दानम्मांना सांग, चुरासुद्धा विकता येईल.

काल भीमाचा फोन आला होता. आनंदाच्या भरात मी बोलून गेले असते. 'रुपी लई मोठं काम करती' इथपर्यंत आले, मग यंत्र काढलं.

तुझी,
आत्या


सोलापूर, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

या खेपेला हसवणारं काही नाही.

माझा प्रोग्राम रोज संध्याकाळी भाकरी कमी दाखवतोय. पिठाप्रमाणे जेवढ्या व्हायला हव्यात तेवढ्या होतात, पण पुडकी भरून झाली की उरायला हव्यात तेवढ्या उरत नाहीत. काही तुटतात, त्या शेजारीपाजारी वाटल्या जातात, त्यामुळे कमी पडणारा आकडा रोज वेगळा येतो. सुरुवातीला चन्नप्पांनी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस सगळ्या बायकांसमोर त्यांनी विचारलं, भाकरी जातात कुठं.

पुडकी भरायचं काम मायाक्का करते. आपल्याच माणसांतली आहे, नवरा मेंढरं विकून शहरात आला आणि आता आजारी असतो. संशय तिच्यावर गेला. ती म्हणाली, मी एक तुकडा बी नेला न्हाय. चन्नप्पा म्हणाले, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको सांगितलं. दानम्मा असत्या तर कदाचित असं झालं नसतं, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला कर्नाटकात इंडीला गेल्यात.

मी कोड पुन्हा पुन्हा वाचला. एक ओळ सोडली नाही. चूक सापडत नाही. पण मायाक्का गेल्यावरही भाकरी कमीच येताहेत, आता तिच्या जागी दुसरी बाई भरते. म्हणजे मायाक्कानं नेल्या नाहीत. मग चूक माझीच असणार, आणि ती कुठं आहे ते मला कळत नाही.

चन्नप्पांना हे सांगितलं तर ते माझ्यासाठी फोनवर कशाला चांगलं बोलतील. कंपनीला दाखवायला माझ्याकडे हे एवढंच आहे. आणि कंपनी नसली तर अण्णांसमोर काय घेऊन जाऊ. काय करू ते लवकर लिही.

तुझी,
रुपाली


केम, १२ ऑक्टोबर २०२४

चि. रुपालीस,

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. माझं ऐक. मुलाखत होईपर्यंत तोंड बंद ठेव. आधी नोकरी पदरात पाडून घे, मग त्या मायाक्काचं निवांत बघता येईल. तिला दुसरीकडे काम मिळेल, सोलापुरात भाकरी थापणाऱ्या घरांना तोटा नाही. तुला ही संधी पुन्हा मिळायची नाही. मी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे बघितलेत.

तुझी,
आत्या


सोलापूर, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

तुझ्या उत्तराची वाट बघत होते, पण थांबवेना. काल मायाक्काच्या घरी गेले.

तिनं दारातच ओळखलं. म्हणाली, "घरात ये म्हणायची इच्छा न्हाय मला, पर ऊन लई हाय. बस." चहा केला तो माझ्याकडे न बघता केला. मी म्हटलं, मायाक्का, तू चोरी केली नाहीस हे मला माहीत आहे, पण भाकरी कुठं जातात ते मला सापडत नाही. तू पुडकं कसं भरतेस ते मला दाखव. तिला वाटलं, मी आता परीक्षा घ्यायला आले. रागानं उठली, मांडणीवरच्या ताटल्या माझ्यासमोर आणून आदळल्या आणि म्हणाली, बघ मग, दहा मोजून देते तुला.

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. "लाभ. ओंदु. एरडु. मूरु." दानम्मांच्या घरात मोजणी कानडीतच चालते, ओंदु म्हणजे एक, तिथंच ती शिकली. दहा म्हणून तिनं हात थांबवला, आणि समोर अकरा ताटल्या होत्या.

बाजारात धान्य मापणारे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तुला माहीतच आहे. पण तिथं लाभानंतर थेट दोन येतात, मोजणी बरोबर राहते. दानम्मांच्या सासूबाईंची रीत निराळी. त्यांच्याकडे पहिली भाकरी लाभाची, ती पुडक्यात ठेवायची आणि मग एकापासून मोजायचं. त्या घरातली प्रत्येक बाई असंच भरते. प्रत्येक पुडक्यात एक भाकरी जास्त जाते आणि कुणालाच ती जास्त वाटत नाही.

मी मायाक्काला तशीच घेऊन बाळीवेशीत गेले. बायका भाकरी थापत होत्या. सगळ्यांसमोर चन्नप्पांना सांगितलं. त्यांना पटेना, त्यांनी इंडीला फोन लावला. दानम्मांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "लाभ कुणी मोजतं का? ती गिऱ्हाइकाची न्हाय, घराची बी न्हाय. लाभ हाय ती." चन्नप्पा म्हणाले, अव्वा, मी तुला विचारलं होतं की आपण जास्तीची घालतो का. त्या म्हणाल्या, जास्तीची कुटं घालतोय.

चन्नप्पा माझ्याकडे वळले. "म्हणजे तुझा प्रोग्राम चुकला म्हण की."

मी म्हटलं, "व्हय. मायाक्काचं काही चुकलं न्हाय. मी हितं एक दिवस बसून बघायला पायजे होतं, ते केलं न्हाय."

मायाक्काला त्यांनी परत यायला सांगितलं, आणि तेही सर्वांसमोर, हे त्यांचं चांगलं. पण मला म्हणाले, डिग्रीवाल्याकडून करून घेतलं असतं तर बाईमाणसाची अशी बेअब्रू झाली नसती. मनात आलं होतं की डिग्रीवाल्यालाही दानम्मांनी पंचवीसच सांगितलं असतं. पण मायाक्का शेजारी उभी होती, तिथं हे बोलायची मला लाज वाटली.

रात्री प्रोग्राममध्ये एक नवा रकाना केला. त्याचं नाव लाभ. तो विक्रीत धरायचा नाही. आज संध्याकाळी हिशेब जुळला. कंपनीला दाखवायला आता काही आहे की नाही ते ठाऊक नाही. पण झोप शांत लागेल.

तुझी,
रुपाली


केम, २० ऑक्टोबर २०२४

चि. रुपालीस,

आपली पत्रं वाटेतच एकमेकांना ओलांडून गेलेली दिसतात. माझं बारा तारखेचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. चूल नसेल तर फाडून टाक. जन्मभर मी टपाल वेळेवर पोचावं म्हणून धडपडले, पण या एका खेपेला ते उशिरा पोचलं हे फार बरं झालं.

माझा सल्ला तुला आधी मिळाला असता तर तू ऐकला असतास का, हे मला सांगू नकोस.

भीमा दिवाळीनंतर इकडेच येतोय. इंद्रजीतच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची ठरलीत. तो समोर बसल्यावर मी यंत्र किती वेळा काढणार?

तुझी,
आत्या


सोलापूर, १६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

मुलाखत झाली. फॉर्मवर शिक्षणाच्या जागी बारावी पास लिहिलं आणि पुढची ओळ कोरी सोडली. अंकिता मॅडम म्हणून होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी कोड बघितला, थोडी नावं ठेवली, थोडं बरं म्हणाल्या. एका ठिकाणी तर म्हणाल्या, हे काम दोन ओळींत झालं असतं, तू पानभर लिहिलंयस. मग विचारलं, यात आतापर्यंत सगळ्यांत मोठी चूक कुठली झाली.

मी ठरवून गेले होते की हे विचारलं तर काहीतरी बारीकसं सांगायचं. पण तोंडातून मायाक्काच आली. सगळं सांगितलं, ताटल्या आदळल्या तेही. त्या म्हणाल्या, मग कोडमध्ये नक्की काय चुकलं होतं? मी म्हटलं, कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर इतके दिवस सापडलं नाही. त्या हसल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं.

त्यांनी चन्नप्पांना फोन केला. ते काय बोलले ते मला इंडीहून परत आलेल्या दानम्मांकडून कळलं. म्हणाले, पोरीनं चूक केली, त्यात आमचीही अब्रू गेली. पण ती चूक आम्हाला कुणालाच सापडली नव्हती. तिनं स्वतः शोधली आणि चारचौघांत माझी आहे म्हणून सांगितली. दुसऱ्या कुणाला घ्यायचं असेल तर घ्या, मी मात्र प्रोग्राम तिच्याच हातचा वापरणार.

आत्या, मला घेतलं. पहिले काही महिने परीक्षेचे आहेत, मग कायम. सोमवारपासून जायचंय. मायाक्कानं माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, तितं तरी नीट इचारून कर.

आता अण्णांना सांग. खरं तर मीच यायला हवं, पण पहिल्याच आठवड्यात रजा कशी मागू. ते गप्प बसले तर बसू दे. मला सगळं जसं घडलं तसं कळव, गोड करून लिहू नकोस.

तुझी,
रुपाली


केम, २४ नोव्हेंबर २०२४

चि. रुपालीस,

गोड करून लिहीत नाही. घडलं तसं लिहिते.

काल दुपारी भीमा जेवायला आला. जेवण झाल्यावर मी तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचून दाखवली. कॉलेज सोडल्याचं आलं तेव्हा तो उठून दारात जाऊन बसला, पाठ माझ्याकडे करून. मी वाचत राहिले. मायाक्काला घेऊन तू परत गेलीस तिथं तो म्हणाला, "ते पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. नोकरी लागल्याचंही वाचलं. वाटलं, आता वळेल. पण तो दाराबाहेरच बघत राहिला.

तू म्हणतेस तसाच गप्प बसला. माझाही जीव वरखाली झाला, खोटं कशाला सांगू. बऱ्याच वेळानं त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं, "तिचं शिकायचं चालू हाय का थांबलं?"

मी म्हटलं, थांबतंय कसलं, आता तर पगार घेऊन शिकणार.

"मग सोडलं काय तिनं?" एवढं म्हणाला आणि काठी उचलून रानात गेला.

आज सकाळी इंद्रजीतची बायको सांगत आली. भीमा बांधावर भेटेल त्याला थांबवून तुझ्याबद्दल सांगतोय. आधी सांगतो, पोरीनं कॉलेज सोडलं. समोरचा वाईट तोंड करेपर्यंत वाट बघतो. आणि मग पुढचं सांगतो, इतक्या मोठ्यानं की मला ते इथं घरात बसून, यंत्राशिवाय ऐकू येतंय.

तुझी,
आत्या